पायरुव्हेटचं पुढे काय होतं? ग्लायकोलिसिस आणि क्रेब्ज चक्र यांच्या मधल्या एका बाणाविषयी

रसायनी

जीवरसायनाच्या पुस्तकात ग्लायकोलिसिसला (ग्लुकोज फोडण्याच्या क्रियेला) एक प्रकरण असतं, क्रेब्ज चक्राला (त्यातले कार्बन पूर्ण जाळणाऱ्या क्रियांच्या फेऱ्याला) दुसरं असतं, आणि या दोघांच्या मध्ये एक छोटा बाण असतो. डावीकडे पायरुव्हेट, उजवीकडे अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए. बाणावर 'पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज संकुल' असं लांबलचक नाव लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण तेवढं वाचून पान उलटतात. माझ्या मते चयापचयाच्या अख्ख्या तक्त्यात याहून महत्त्वाचा बाण नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते. पुढे या संकुलाला नुसतं पीडीसी म्हणेन.

आधी जागा समजून घेऊ. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात. पेशीद्रवात दहा पायऱ्या पार करून त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन पायरुव्हेट होतात. एवढ्या खटाटोपातून थेट हाती लागतात फक्त २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). मग पायरुव्हेट मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरतं. बाहेरच्या पटलातून ते सहज जातं, आतल्या पटलातून नेण्यासाठी मात्र खास वाहक प्रथिन लागतं. असं प्रथिन असणार हे कित्येक दशकं माहीत होतं, पण त्याची जनुकं कोणती ते २०१२ मध्ये ठरलं. आत पोचल्यावर पीडीसी त्याच्या तीनपैकी एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात तोडून टाकतं, उरलेला दोन कार्बनचा तुकडा को-एन्झाइम ए ला जोडतं आणि सुटलेले इलेक्ट्रॉन एनएडी या वाहक रेणूकडे देऊन एनएडीएच तयार करतं. ग्लुकोजच्या सहा कार्बनांपैकी दोन इथेच बाहेर पडतात. म्हणजे ग्लुकोज जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो, त्याचा एक तृतीयांश या एका बाणावर तयार होतो.

आता यंत्राकडे जरा जवळून बघा. पीडीसी हे एकच एन्झाइम नाही, ई-१, ई-२ आणि ई-३ या तीन एन्झाइमांच्या अनेक प्रती एकत्र बांधून झालेला तो एक प्रचंड गोळा आहे. सस्तन प्राण्यांमध्ये त्याचं वजन सुमारे ९५ लाख डाल्टन भरतं. जिवाणूचा अख्खा रायबोसोम साधारण २५ लाखांचा असतो, यावरून अंदाज यावा. मधोमध ६० उपघटकांचा बारा फलकांचा पोकळ गाभा असतो, तो मुख्यतः ई-२ चा. त्याच्याभोवती ई-१ आणि ई-३ चिकटलेले असतात.

ई-१ पायरुव्हेटला पकडतो. त्याच्याकडे थायमिन पायरोफॉस्फेट असतं, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ चं कामाला लागलेलं रूप. ते पायरुव्हेटच्या मधल्या कार्बनाला जाऊन बिलगतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दोन कार्बनचा तुकडा थायमिनवरच लटकत राहतो. ई-२ मधल्या लायसिन या एका अमिनो आम्लाच्या टोकाला लायपोइक आम्ल जोडलेलं असतं. ताणलं तर हा सगळा हात जेमतेम १.४ नॅनोमीटर लांबीचा, आणि टोकाला शेजारी शेजारी दोन गंधकाचे अणू. हे टोक ई-१ च्या पोटात शिरतं, तुकडा स्वतःवर घेतं, ई-२ च्या केंद्रापाशी येतं, तो को-एन्झाइम ए ला देतं. आता हाताची दोन्ही गंधकं हायड्रोजन धरून बसलेली असतात, म्हणजे तो पुढच्या फेरीसाठी निकामी झालेला असतो. मग तो ई-३ कडे जातो. तिथलं एफएडी (आणखी एक वाहक रेणू) ते हायड्रोजन काढून घेतं, पुढे एनएडी ला देतं, आणि हात पुन्हा मोकळा.

यात एक खुबी आहे. या तीन केंद्रांमधलं अंतर १.४ नॅनोमीटरपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे नुसता हात फिरून भागत नाही. हात ज्या छोट्या प्रथिनखंडावर बसलेला असतो तो खंडच गाभ्याला एका लवचिक दोरीने बांधलेला असतो, आणि ती दोरी अ‍ॅलनिन व प्रोलिन या अमिनो आम्लांनी भरलेली असते. हातासकट अख्खा खंड हिंडतो. सस्तन प्राण्यांच्या प्रत्येक ई-२ वर असे दोन खंड असतात, ई. कोलाय जिवाणूत तीन, यीस्टमध्ये एकच. अर्धवट झालेला माल कुठेही पाण्यात सुटत नाही, हरवत नाही, आणि भलत्याच एन्झाइमाच्या हाती लागत नाही.

पण मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ती गोष्ट वेगळीच आहे. ही वाट एकेरी आहे. पायरुव्हेटपर्यंत परतीचा मार्ग असतो, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवू शकतं. पीडीसीतून गेलेल्या कार्बनाला मात्र प्राण्यांच्या शरीरात ग्लुकोज होण्याचा रस्ता कायमचा बंद. तो एक तर जळणार, नाही तर चरबी, कोलेस्टेरॉल, कीटोन वगैरे होणार. उपाशी शरीरात मेंदूसाठी साखर जपून ठेवायची असेल तर ती इथेच जपावी लागते.

निशिगंध

फार छान लिहिलंय. बारावीला हे सगळं घोकलं होतं, पण तो हात हिंडताना पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आला.

एक शंका. परतीचा रस्ता बंद म्हणजे नेमकं काय? अ‍ॅसिटिल को-ए क्रेब्ज चक्रात जातं, चक्रात ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट तयार होतं, आणि ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटपासून ग्लुकोज बनतं असं पुस्तकातच आहे. मग चरबीपासून साखर का होऊ नये?

रसायनी

@निशिगंध, ही शंका यायलाच हवी. चक्रात अ‍ॅसिटिलचे दोन कार्बन आत येतात आणि त्याच फेरीत दोन कार्बन डायऑक्साइड बाहेर जातात. म्हणजे ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट एकही जास्तीचं तयार होत नाही, जेवढं घातलं तेवढंच परत मिळतं. ग्लुकोजसाठी त्यातलं काढून घेतलं तर चक्रच रिकामं व्हायला लागेल.

गंमत अशी की प्राण्याला खुणेचा कार्बन असलेलं अ‍ॅसिटेट दिलं तर तो कार्बन ग्लुकोजमध्ये सापडतो! कारण बाहेर पडणारे दोन कार्बन नुकतेच आत आलेले नसतात, आधीपासून चक्रात असलेले असतात. अणूंची अदलाबदल होते, पण जमाखर्चात साखर वाढत नाही. चरबीतलं ग्लिसरॉल आणि विषम कार्बनसंख्येच्या मेदाम्लांचा शेवटचा तीन कार्बनचा तुकडा यांपासून थोडं ग्लुकोज बनतं, पण त्यांपैकी कोणीच पीडीसी उलटं चालवत नाही.

वनस्पती आणि बरेच जिवाणू मात्र हे करू शकतात. त्यांच्याकडे ग्लायऑक्सिलेट चक्र असतं, जे कार्बन डायऑक्साइड सुटण्याच्या दोन्ही पायऱ्या टाळून जातं. क्रेब्ज आणि कॉर्नबर्ग यांनी ते १९५७ मध्ये मांडलं. तेलबी रुजते तेव्हा साठवलेल्या तेलापासून कोंबासाठी साखर तयार होते ती याच मार्गाने.

मुक्तछंद

लेख आवडला, पण 'याहून महत्त्वाचा बाण नाही' हे मला पटत नाही. ग्लायकोलिसिसचा वेग फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे त्यातलंच एक एन्झाइम ठरवतं. साखर फोडायची की नाही याचा निर्णय तिथे होतो. पीडीसीपर्यंत माल पोचेपर्यंत मुख्य निर्णय होऊन गेलेला असतो. शिवाय हे चक्र नि हे एन्झाइम सगळ्या सजीवांत सारखंही नाही. कितीतरी अवायुजीवी जिवाणू पायरुव्हेटचं हेच काम अगदी वेगळ्या, लोह-गंधकाच्या एन्झाइमाने करतात आणि इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या प्रथिनाला देतात.

रसायनी

@मुक्तछंद, अवायुजीवींचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी मायटोकाँड्रिया असलेल्या पेशींबद्दल बोलतेय हे आधीच लिहायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर तेही रास्त.

फॉस्फोफ्रुक्टोकायनेजच्या बाबतीत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. ते एन्झाइम ठरवतं की ग्लुकोज किती वेगाने फुटणार. पण पायरुव्हेट फक्त ग्लुकोजपासून येत नाही. स्नायूंनी सोडलेलं लॅक्टेट हृदय उचलतं आणि त्याचं पायरुव्हेट करतं. अ‍ॅलनिनचंही पायरुव्हेट होतं. हे दोघे फॉस्फोफ्रुक्टोकायनेजच्या दाराशी जातच नाहीत. आणि फुटलेलं ग्लुकोज पायरुव्हेटपर्यंत येऊन थांबलं तर ते अजून वाचवता येतं, लॅक्टेट करून यकृताकडे धाडता येतं. वेग कुठे ठरतो आणि परत न फिरण्याची रेषा कुठे आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो.

पीडीसीवर शरीराने किती पहारे बसवलेत त्यावरूनही हे दिसतं. ई-१ वर तीन जागी सेरिन ही अमिनो आम्लं असतात. त्यांच्यावर फॉस्फेट बसलं की संकुल बंद पडतं. ते बसवणारी चार कायनेज आणि ते काढणारी दोन फॉस्फेटेज आपल्याकडे आहेत, आणि ती सगळी याच एका कामाला वाहिलेली. जीवरसायनशास्त्रज्ञ लेस्टर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नियंत्रण १९६९ मध्ये दाखवलं.

कायनेजला बातमी कशी कळते ते फार सुंदर आहे. कायनेज येऊन बसतं त्याच फिरत्या खंडावर. एनएडीएच आणि अ‍ॅसिटिल को-ए साचले की ई-३ आणि ई-२ च्या क्रिया उलट्या दिशेने सरकू लागतात, त्यामुळे बरेच हात हायड्रोजन किंवा अ‍ॅसिटिल धरून अडकून राहतात. अशा अडकलेल्या हातांना चिकटलेलं कायनेज चेकाळतं आणि ई-१ वर फॉस्फेट ठोकतं. म्हणजे माल वाहणारा हातच 'पुढे तुंबलंय' हा निरोपही देतो. उलट पायरुव्हेट आणि एडीपी वाढले की कायनेज थंडावतं. स्नायू आकुंचन पावताना कॅल्शियम वाढतं, त्याने फॉस्फेटेज जागं होतं आणि संकुल उघडतं. ज्या कॅल्शियमने स्नायू आखडतो त्यानेच त्याचं इंधनही मोकळं व्हावं, हे मला दर वेळी शिकवताना नव्याने आवडतं.

उपवास लांबला की कायनेज-४ चं प्रमाण वाढतं आणि स्नायूंमधलं पीडीसी मिटायला लागतं. स्नायू चरबीवर चालतात, पायरुव्हेट वाचतं.

मुक्तछंद

वेग आणि परतीची रेषा हा फरक पटला. 'सर्वांत महत्त्वाचा' यावर अजूनही मत राखून ठेवतो. :)

अतिदक्षता

मी अतिदक्षता विभागात काम करतो. हा बाण आम्हाला रुग्णाच्या रक्तात दिसतो, म्हणून लिहितोय.

लॅक्टेट वाढलेलं दिसलं की पहिला विचार येतो तो ऑक्सिजन कमी पडल्याचा किंवा रक्ताभिसरण ढासळल्याचा. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण कधी कधी रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ठीक, जंतुसंसर्ग नाही, आणि लॅक्टेट चढतच जातं. अशा वेळी बी-१ आठवावं लागतं. थायमिन नाही म्हणजे ई-१ रिकाम्या हाताने बसलेला. पायरुव्हेट या पायरीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्याचं लॅक्टेट होतं. वर आपण शिरेतून ग्लुकोज चालवलं तर आगीत तेल.

हे पुस्तकी नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या बहुजीवनसत्त्वांचा देशभर तुटवडा झाला होता. फक्त शिरेवाटे पोषण मिळणाऱ्या काही रुग्णांना थायमिनशिवायच ग्लुकोज मिळत राहिलं आणि त्यांच्यात गंभीर लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस झाला. बायकार्बोनेट देऊन तो हटत नाही. थायमिन दिल्यावर काही तासांत चित्र पालटतं.

दीर्घकाळ मद्यपान, सततच्या उलट्या, फार दिवसांची उपासमार, जठराच्या शस्त्रक्रियेनंतरचे महिने, या सगळ्यांत हा धोका असतो. मेंदूवर परिणाम झाला तर वेर्निके एन्सेफॅलोपथी : डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो, माणूस गोंधळतो. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन देतात. रक्तातली साखर धोकादायक पातळीला उतरली असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवायचं नसतं, दोन्ही एकदमच.

ऋचा_बी

डॉक्टर, खूप उपयुक्त माहिती. बेरीबेरी म्हणजे हेच ना? पॉलिश केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्या लंगड्या झाल्या आणि डच डॉक्टर आइकमनना त्यावरून सुगावा लागला, इतकंच वाचलं होतं. पण तेव्हा या संकुलाचा पत्ताच नव्हता. मग बी-१ आणि पायरुव्हेट यांचा संबंध लावला कोणी?

रसायनी

@ऋचा_बी, हो, बेरीबेरीच. आइकमन यांचं काम जावा बेटावर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झालं. त्यांना १९२९ मध्ये नोबेल मिळालं.

पुढची कडी रुडॉल्फ पीटर्स यांची. १९३० च्या दशकात ऑक्सफर्डला ते थायमिन न मिळालेल्या कबुतरांवर काम करत होते. अशा कबुतराची मान मागे वळून पाठीला टेकते, झटके येतात. पण मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्या मानाने काहीच बिघडलेलं दिसत नाही. पीटर्सनी मेंदूच्या ऊतीचा श्वसनवेग मोजला. लॅक्टेट किंवा पायरुव्हेट दिलं तर आजारी मेंदू ऑक्सिजन कमी घेत होता आणि पायरुव्हेट साचत होतं. त्याच परीक्षानळीत चिमूटभर थायमिन टाकलं की ऑक्सिजनचा वापर वाढायचा. पेशी मेलेली नाही, रचना शाबूत आहे, फक्त एक रासायनिक पायरी अडली आहे आणि तेवढ्याने जिवंत पक्षी झटके देतोय. याला त्यांनी 'जीवरासायनिक इजा' म्हटलं. आजारपणाकडे बघण्याची ही नजरच नवीन होती.

पुढे दुसऱ्या महायुद्धात याच प्रयोगशाळेला लुइसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा शोधायचा होता. आर्सेनिकही पायरुव्हेटची तीच पायरी अडवतं हे पीटर्सना ठाऊक होतं. आर्सेनिक गंधकाच्या जोडीला घट्ट धरतं असं दिसल्यावर स्टॉकन आणि थॉम्पसन यांनी शेजारी शेजारी दोन गंधकं असलेला एक साधा रेणू बनवला, डायमरकॅप्रॉल. तो आर्सेनिकला पेशीतल्या गंधकांपेक्षा जास्त घट्ट पकडतो आणि सोडवून नेतो. १९४५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

आता तारखा बघा. पीडीसीच्या हाताच्या टोकाची दोन गंधकं, म्हणजे लायपोइक आम्ल, शुद्ध स्वरूपात हाती आलं १९५१ मध्ये. रीड आणि गन्सलस यांच्या चमूने सुमारे १० टन यकृताच्या अवशेषांतून जेमतेम ३० मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. ज्या जागेसाठी उतारा बनला ती जागा प्रत्यक्ष सापडायला आणखी सहा वर्षं लागली, आणि ती उताऱ्यासारखीच निघाली!

पहाटवारा

अप्रतिम धागा. लायपोइक आम्लाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. त्याच्या गोळ्या मिळतात. त्या घेऊन पीडीसी जोरात चालतं का? आणि कर्करोगाच्या पेशी हेच दार बंद ठेवतात असं कुठेसं वाचलं होतं, मग ते औषधाने उघडता येत नाही का?

अतिदक्षता

@पहाटवारा, गोळीतलं लायपोइक आम्ल ई-२ च्या लायसिनला जाऊन आपोआप बसत नाही. आपल्या पेशी ते मायटोकाँड्रियातच, मेदाम्ल बनवण्याच्या वाटेवरून, स्वतः तयार करतात आणि प्रथिनाला जोडतात. निरोगी माणसात तिथे टंचाई नसते. थायमिनचंही तसंच : कमतरता असेल तर ते जीव वाचवतं, नसेल तर जास्तीचं लघवीतून निघून जातं. बी-१, बी-२, बी-३ आणि बी-५ या चारही जीवनसत्त्वांपासून बनलेले सहघटक या एका संकुलाला लागतात, त्यामुळे जाहिरातींना हा विषय सोयीचा पडतो. स्वतःच्या मनाने काही सुरू करू नका.

कर्करोगाबद्दल : बऱ्याच गाठींमधल्या पेशी ऑक्सिजन असूनही ग्लुकोजचं लॅक्टेट करतात, हे वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात नोंदवलं. ऑक्सिजन कमी असल्याची खूण देणारं एचआयएफ-१ हे प्रथिन पीडीसीचं कायनेज-१ वाढवतं, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. कायनेज अडवणारं डायक्लोरोअ‍ॅसिटेट नावाचं साधं संयुग आहे, आणि त्यावरून मोठी आशा निर्माण झाली होती. पण त्याने हातापायांच्या नसांना इजा होते हे नक्की. आज ते कर्करोगावरचं प्रस्थापित औषध नाही. कुणी विकत असेल तर लांब राहा.

निशिगंध

ज्यांचं पीडीसी जन्मतःच बिघडलेलं असतं त्यांचं काय होतं? असे लोक जगतात का?

रसायनी

@निशिगंध, पूर्णपणे बंद असेल तर जगणं शक्य दिसत नाही, पण अंशतः चालणारं पीडीसी असलेली मुलं जन्माला येतात. एका ग्लुकोजमागे पूर्ण हिशेब ३० ते ३२ एटीपींचा. त्यातले पीडीसीच्या एनएडीएच मधून थेट ५ आणि पुढच्या चक्रातून २०. ही पायरी अडली तर ग्लुकोजच्या वाटेने हे जवळपास सगळं जातं. सर्वांत हाल होतात मेंदूचे, कारण तो एरवी ग्लुकोजवरच चालतो.

बहुतेक वेळा दोष ई-१ च्या एका घटकाच्या जनुकात असतो आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तरी मुलीही आजारी पडतात, कारण प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प केलेला असतो आणि चांगला एक्स किती पेशींत गप्प झाला यावर सगळं अवलंबून असतं. काही मुलांना मोठ्या मात्रेतल्या थायमिनचा उपयोग होतो. इतरांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली खूप चरबी आणि अगदी कमी कर्बोदकं असलेला आहार देतात. चरबीपासून थेट अ‍ॅसिटिल को-ए आणि कीटोन बनतात, मेंदू कीटोन वापरू शकतो, आणि अडलेली पायरी वाटेत येतच नाही. जन्माआधीच मेंदूच्या घडणीत झालेली हानी मात्र त्याने भरून येत नाही.

ऋचा_बी

ई-३ बिघडलं तर? तेही असंच का?

रसायनी

@ऋचा_बी, ते जास्त गुंतागुंतीचं. ई-३ एकट्या पीडीसीचं नाही. क्रेब्ज चक्रातलं अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज आणि शाखायुक्त अमिनो आम्लं मोडणारं संकुल हे दोघेही पीडीसीच्याच घराण्यातले, त्यांची ई-१ आणि ई-२ आपापली, पण ई-३ तिघांचं एकच. त्यामुळे ई-३ मध्ये दोष असला की रक्तात लॅक्टेटही वाढू शकतं आणि ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन हीसुद्धा साचू शकतात. तीन निरनिराळ्या वाटा एकदम अडलेल्या दिसल्या की संशय ई-३ वर घ्यायचा. अशा मुलांत नुसती चरबी वाढवूनही पुरेसं होत नाही, कारण अ‍ॅसिटिल को-ए तयार झालं तरी पुढचं चक्रही त्याच ई-३ पायी अडखळतं.